गाणं कुणाचं, हे सांगायला तीनच वर्षं?

जानेवारी १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'जी रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीने एक तबकडी बाजारात आणली: 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. गाणारी पाच मुलं हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्स परिसरातली, गटाचं नाव 'टीनेजर्स', मुख्य आवाज फ्रँकी लायमनचा. त्याचं वय १३. गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या छापणाऱ्या 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत गाणं पहिलं आलं, पॉपच्या यादीत सहावं, आणि त्याच वर्षी जुलैत ब्रिटनमध्ये पुन्हा पहिलं. रॉक अँड रोलच्या पहिल्या लाटेतल्या सर्वांत गोड प्रेमगीतांत ते मोडतं, यावर कुणी भांडणार नाही. भांडण झालं ते गाणं कुणी रचलं यावरून. अमेरिकन न्यायालयाने १९९६ मध्ये ते मिटवलं, आणि मिटवताना खरं कोण बोलतंय हा प्रश्नच बाजूला ठेवला.

थकलेल्या पैशांच्या मागणीला मुदत असावी, यात वाद नाही. दुकानदाराची उधारीसुद्धा कधीतरी बुडीत धरावी लागते. पण 'हे मी रचलं' या विधानाला मुदत लावली, की खोटी नोंद ठरावीक वर्षांनी आपोआप खरी होऊन बसते. पैसा आणि नाव या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या काढायला हव्यात. या गाण्याचा इतिहास नीट पाहिला, तर त्या का वेगळ्या काढायच्या आणि कशा, हे दोन्ही दिसतं.

लायमन येण्याआधी हा चौघांचा गट होता: हर्मन सँटियागो, जिमी मर्चंट, जो नेग्रोनी आणि शर्मन गार्न्स. मुख्य गायक सँटियागो. गार्न्सच्या इमारतीत राहणाऱ्या एका माणसाने आपल्या मैत्रिणीची प्रेमपत्रं या पोरांना दिली, यातून काही गाणं होतं का बघा म्हणून. त्यात पक्षी इतक्या आनंदाने का गातात, अशा अर्थाची एक ओळ होती. तिच्यावरून सँटियागो आणि मर्चंट यांनी गाणं बांधलं, हा त्यांनी सांगितलेला आणि आज बहुतेकांनी स्वीकारलेला इतिहास. 'व्हॅलेंटाइन्स' गटाच्या रिचर्ड बॅरेटने या मुलांना 'जी रेकॉर्ड्स'चा मालक आणि निर्माता जॉर्ज गोल्डनर याच्याकडे नेलं, मुख्य आवाज सँटियागोकडून लायमनकडे गेला, आणि चालीला त्या पोरगेल्या, उंच गळ्याचा आकार आला. म्हणजे लायमनचा वाटा खोटा नाही. तो एकट्याचा नव्हता, एवढंच.

तबकडी लावून पहिले काही सेकंद ऐका. वाद्यं नाहीत. गार्न्सचा खर्ज निरर्थक अक्षरांचा एक तुकडा फेकतो, बाकीचे त्यावर चढतात, मग लायमन. मध्ये जिमी राइटचा टेनर सॅक्सोफोन येतो. सव्वादोन मिनिटांच्या आसपास सगळं संपतं. डू-वॉप प्रकारातलं गाणं असंच बनायचं: जिन्यात, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे भिंती आवाज परत देतात तिथे. एक मुख्य गायक, दोन टेनर (उंच आवाज), एक बॅरिटोन (मधला आवाज), एक खर्ज. खालची स्वरसंगतीही बहुतेकदा ठरलेली. सी, ए मायनर, एफ, जी ही चार कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, त्या काळच्या शेकडो गाण्यांत फिरतात. मग एखादं गाणं दुसऱ्यापासून वेगळं कशाने होतं? एखादी ओळ, एखादी खर्जातली पकड, मुख्य आवाजाने घेतलेलं वळण. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या पोरांकडून येऊ शकतात, आणि कुणीही त्यातली एकही कागदावर लिहीत नाही.

कायद्याला मात्र कागद हवा होता. १९०९ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याखाली गाण्याची नोंदणी करायची, तर स्वरलिपीतली प्रत जमा करावी लागे: चाल, शब्द, वर कॉर्ड्सची नावं. नुसती तबकडी चालत नसे. ती सोय १९७८ पासून झाली. नोटेशन न येणाऱ्या मुलांचं गाणं सरकारदरबारी पोचवायचं, तर ते दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यायचं, फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरायचा. तो 'कुणीतरी' म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा मालक किंवा त्याचा प्रकाशन विभाग, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणारा विभाग. रचनाकार म्हणून जे नाव लिहाल ते कार्यालय तपासत नाही. ते तेव्हाही तपासत नव्हतं आणि आजही तपासत नाही. भरलेला अर्ज ठीक दिसला की नोंद होते. पुढे न्यायालयात तीच नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. फॉर्म भरणारा रचनाकार ठरवतो, आणि मग खरा रचनाकार कोण हे सिद्ध करायचं ओझं फॉर्म न भरणाऱ्यावर येतं.

पहिल्या तबकड्यांवर तीन नावं होती: लायमन, सँटियागो आणि गोल्डनर. मर्चंटचं नाव तेव्हाही नव्हतं. मग सँटियागो गळाला आणि लायमन-गोल्डनर उरले. गोल्डनरला जुगाराचं व्यसन होतं. त्याने आपल्या कंपन्या आणि हक्क मॉरिस लेव्हीला विकले. त्यानंतर रचनाकारांत गोल्डनरच्या जागी लेव्ही आला! घर विकलं की सातबारा बदलतो, हे समजण्यासारखं आहे. पण मालकी विकली म्हणून नऊ-दहा वर्षांपूर्वी गाणं कुणी रचलं हे कसं बदलतं? लेव्ही न्यूयॉर्कमधल्या 'बर्डलँड' या जॅझ क्लबचा मालक, 'रुलेट रेकॉर्ड्स'चा सर्वेसर्वा. पुढे १९८८ मध्ये खंडणीच्या कटात दोषी ठरलेला माणूस. गाणी कशी रचता, असं शपथेवर विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: सगळे एकत्र बसतात, ठेका धरतात, शब्द आणि सूर जुळवतात; संगीतकार शोपँसारखी मी गाणी रचतो असं म्हटलं तर ती दिशाभूल होईल. इतकी प्रामाणिक कबुली दिल्यावरही नोंदीतलं नाव कायम राहिलं.

रचनाकाराच्या नावासाठी एवढी झोंबाझोंबी का, हे आकड्यांत पाहिलं की कळतं. १९०९ च्या कायद्याने एका गाण्यासाठी दर तबकडीमागे २ सेंट हा दर ठरवला होता, आणि तो १९७८ पर्यंत हलला नाही. रिवाजाने त्यातला अर्धा प्रकाशकाचा, अर्धा रचनाकारांचा. समजा दहा लाख तबकड्या खपल्या. २०,००० डॉलर जमा. प्रकाशकाला १०,०००, रचनाकारांना १०,०००. खरे रचनाकार तीन मुलं धरली, तर प्रत्येकाला ३,३३३. आता तीच कंपनी प्रकाशकही आहे आणि मालकाने स्वतःचं नाव दोन रचनाकारांपैकी एक म्हणून घातलं आहे असं धरा. मालकाकडे १५,००० जातात, एका मुलाकडे ५,०००, आणि बाकी दोघांकडे शून्य. फॉर्मवरच्या एका नावाने हे होतं.

हा झाला केवळ आपल्या तबकडीचा हिशेब. गाणं गाजलं की दुसरे ते गातात. त्याच १९५६ मध्ये गेल स्टॉर्मची आवृत्ती पॉप यादीत नवव्या क्रमांकावर गेली, 'डायमंड्स'ची बाराव्या. या गोऱ्या कलाकारांच्या तबकड्यांमधून टीनेजर्सना गायक म्हणून छदामही मिळणार नव्हता. मिळाला असता तो फक्त रचनाकार म्हणून. रेडिओचंही तेच. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं, तर रचनाकार आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आजही मिळत नाहीत. गायक म्हणून जी टक्केवारी ठरलेली असे, तिच्यातून स्टुडिओचा खर्च आधी वळता होई. थोडक्यात, आवाजाचे पैसे एकदाच, रचनेचे वर्षानुवर्षं. १९८१ मध्ये डायना रॉसने हे गाणं पुन्हा गायलं आणि ते अमेरिकेत सातव्या, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोचलं. तोवर तबकडीमागचा दर ४ सेंट झाला होता. २०२३ पासून तो १२ सेंट किंवा त्याहून वर आहे.

ही लबाडी या एकाच गाण्यापुरती असती, तर तिच्यावर लिहिण्यात अर्थ नव्हता. चक बेरीच्या 'मेबलीन'वर रेडिओ निवेदक अॅलन फ्रीडचं नाव सहरचनाकार म्हणून छापलं गेलं. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळालं ते १९८६ मध्ये. 'पेगी सू'वर सुरुवातीला बडी हॉलीचंच नाव नव्हतं, निर्मात्याचं होतं. गाणं वाजवण्याची, छापण्याची, नोंदवण्याची किल्ली ज्याच्या हातात, तो रचनाकार. धंद्याची रीतच ती.

लायमन २७ फेब्रुवारी १९६८ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, २५ व्या वर्षी. इथून कथा कायद्याच्या एका विचित्र कोपऱ्यात शिरते. जुन्या कायद्यात हक्काची पहिली मुदत २८ वर्षांची, मग नूतनीकरण. १९५६ अधिक २८ म्हणजे १९८४. नूतनीकरणाआधी रचनाकार वारला असेल, तर दुसऱ्या मुदतीचा हक्क त्याच्या विधवेकडे आणि मुलांकडे जातो, त्याने हयातीत कुणाला काहीही लिहून दिलेलं असो. म्हणून डायना रॉसच्या यशानंतर तीन स्त्रिया लायमनची कायदेशीर विधवा म्हणून पुढे आल्या: एलिझाबेथ वॉटर्स, 'प्लॅटर्स'ची गायिका झोला टेलर आणि एमिरा ईगल. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत हा वाद १९८९ मध्ये ईगलच्या बाजूने सुटला. लोकांना यातला तीन बायकांचा तमाशा आठवतो, त्याच्यावर सिनेमाही निघाला. खरा मुद्दा दुसराच आहे: लग्न खरं कोणतं हे शोधायला न्यायालयं जुनी दप्तरं उपसायला तयार होती. गाणं खरं कुणाचं, याला मात्र पुढे मुदत आडवी आली.

सँटियागो आणि मर्चंट १९८७ मध्ये न्यायालयात गेले. डिसेंबर १९९२ मध्ये ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, त्यांचं ऐकलं, पुरावा तपासला आणि लायमनबरोबर हे दोघेही सहरचनाकार आहेत असा निर्णय दिला. १९९३ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने टीनेजर्सना सामावून घेतलं. आणि १९९६ मध्ये 'दुसरं सर्किट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, न्यूयॉर्क भागाच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल उलटवला. कॉपीराइटचा दिवाणी दावा कारण घडल्यापासून ३ वर्षांत आणायला हवा. आपलं नाव नाही हे या दोघांना साठीच्या दशकातच माहीत होतं. सबब दावा मुदतबाह्य. ज्युरीने वस्तुस्थिती चुकीची ठरवली असं अपील न्यायालयाने म्हटलंच नाही. सहरचनाकार असल्याची नुसती घोषणाही करून मिळणार नाही, इतका तो निकाल पक्का होता. आजही नोंद लायमन आणि लेव्ही अशीच आहे.

मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. साक्षीदार मरतात. लायमन १९६८ मध्ये गेला, गोल्डनर १९७० मध्ये, गार्न्स १९७७ मध्ये, नेग्रोनी १९७८ मध्ये, लेव्ही १९९० मध्ये. ज्युरीसमोर बोलायला पाचांपैकी दोघंच उरले, आणि तेच दावेदार. विरुद्ध बाजूला उलटतपासणी करायला मेलेल्यांची स्मृती. शिवाय गाण्यांचे हक्क विकले जातात, गहाण पडतात. विकत घेणाऱ्याला नोंदीवर विसंबता आलं नाही, तर व्यवहारच थांबेल. तिसरा मुद्दा: गाणं पडून असेपर्यंत गप्प बसायचं आणि कमाई सुरू झाली की उगवायचं, याला आळा हवा.

पण या तिन्ही आक्षेपांचं औषध फार तर पैशांच्या बाजूचं आहे. पुरावा जुना असेल, तर सिद्ध करण्याचं ओझं दावेदारावर आहेच. ज्युरीला पटलं नाही तर तो हरेल. पटल्यावरही ऐकणार नाही, हे कशासाठी? आणि गप्प बसण्याबद्दल: १९५६ मध्ये सँटियागो १५ वर्षांचा, मर्चंट १६ चा. समोर कोण होतं ते वर आलंच आहे. भीतीमुळे आपण गप्प राहिलो, असं दोघांनी न्यायालयात सांगितलं होतं. तीन वर्षांचा नियम मोठ्या प्रकाशकाच्या वकिलासाठी ठीक आहे. जिन्यात गाणाऱ्या पोरांना, आपलं नाव नसणं हे 'दाव्याचं कारण' असतं, हे कळायलाच दहा वर्षं जातात.

अमेरिकन कायद्यातली विसंगतीही बघण्यासारखी आहे. तुमच्या गाण्याची कुणी चोरून नक्कल केली, तर प्रत्येक नवीन नकलेबरोबर नवे ३ वर्षं सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. तुमचं नावच खोडलं, तर मात्र घड्याळ एकदाच चालतं आणि कायमचं बंद पडतं. नक्कल करणाऱ्यापेक्षा नाव चोरणारा सुरक्षित, अशी ही व्यवस्था. जुने करार ५६ वर्षांनी रद्द करून हक्क परत घेण्याची जी सोय अमेरिकन कायद्यात आहे, तीही ज्याचं नाव रचनाकार म्हणून चालतं त्यालाच.

ब्रिटनने हाच प्रश्न शहाणपणाने सोडवला आहे. 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गाणं १९६७ चं. त्याची ओळख बनलेला ऑर्गनचा भाग मॅथ्यू फिशरने वाजवला आणि रचला. नोंदीत त्याचं नाव नव्हतं. त्याने दावा आणला २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. इंग्लिश कायद्यात अशा मालकीच्या घोषणेला मुदत नाही. २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सहरचनाकार म्हणून त्याचा ४० टक्के वाटा कायम केला, पण पैसे फक्त २००५ पासून पुढचे. मागच्या ३८ वर्षांचं एक पेन्सही नाही. गप्प बसण्याची शिक्षा झाली, पण ती पैशात, नावात नाही.

हा सगळा प्रकार मुंबईला परका वाटायचं कारण नाही. हिंदी चित्रपटगीतांचं पन्नाशीतलं सोनं ज्या गोवेकर वादकांनी आणि अरेंजरांनी (वाद्यसंयोजकांनी) घडवलं, त्यांचीही गत अशीच. सी. रामचंद्रांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांमागे चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, यांचा ट्रंपेट आणि हात होता. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, आणखी अनेकांकडे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनच्या पट्ट्या, मधलं संगीत, गाण्याआधीचा तो ओळखीचा तुकडा यांनी लिहिला. श्रेयनामावलीत फार तर सहायक म्हणून नाव. फरक इतकाच, की यांना स्वरलिपी उत्तम येत होती आणि टीनेजर्सना नव्हती. कागद असूनही नाव गेलं. त्यामुळे 'सगळं लिहून ठेवा म्हणजे झालं' हा उपाय अर्धाच आहे.

भारतीय कायदा कागदावर तरी अमेरिकेपेक्षा बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ सांगतं, की हक्क पूर्ण विकले तरी आपण रचनाकार असल्याचं सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा असा बांधला, की तो करारात लिहून देऊनही सोडता येत नाही. ती दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर यांनी राज्यसभेत किल्ला लढवला होता. पण इथेही घोषणेच्या दाव्याला मुदत कायद्यात ३ वर्षांचं कलम आहेच. म्हणून कलम ५७ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. आज बँड करणाऱ्या मुलांनी निदान वाटपपत्रक करावं: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव, शब्द-चाल-संयोजन यातलं कुणी काय केलं, टक्केवारी (बेरीज १००), सगळ्यांच्या सह्या. आणि ते स्टुडिओत जाण्याआधी. गाणं गाजल्यावर असं पत्रक होत नाही. तेव्हा प्रत्येकाला आपली ओळच गाण्याचा प्राण वाटू लागते.

अमेरिकेत दुरुस्ती करायची, तर फार मोठी नको. मुदतीच्या कलमात एक वाक्य: रचनाकार कोण, याची घोषणा मागणाऱ्या दाव्याला ही मुदत लागू नाही, अशा घोषणेने मिळणारा पैसा दावा दाखल झाल्या दिवसापासून पुढचाच. जुने हिशेब उकरायचे नाहीत, विकलेल्या प्रतींना हात लावायचा नाही. विकत घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर त्याने विकणाऱ्याला धरावं. मालकी निर्वेध असल्याची हमी अशा करारात असतेच.

या दुरुस्तीची एक टोचणारी बाजूही आहे. अमेरिकन नियमाने सहरचनाकारांचे वाटे समान, वेगळं ठरलेलं नसेल तर. तीन खरी नावं लागली, की लायमनचा वाटा अर्ध्यावरून एक तृतीयांशावर येतो आणि त्याची झळ त्याच्या वारसाला बसते, जिने या लबाडीत काहीच केलेलं नाही. त्यापेक्षा न्यायालयाला ब्रिटिश न्यायाधीशांसारखी टक्केवारी ठरवण्याची मुभा द्यावी. तसं झालं, तर लायमनचे ५० टक्के जिथे आहेत तिथे राहू शकतात आणि लेव्हीच्या नावाने चालणाऱ्या ५० टक्क्यांतून सँटियागोला २५, मर्चंटला २५ देता येतात. गाण्याचा हक्क २०५१ अखेरपर्यंत चालू आहे, त्यामुळे वाटायला अजून पुष्कळ शिल्लक आहे.